येळवशीच्या आदल्या दिवशी

मंगल,

शेंगा सोलता सोलता तू उठलीस. "जरा गरगरल्यावानी होतंय गं. जाऊन पडते घटकाभर," म्हणालीस. जाता जाता टोपलीकडे बोट दाखवलंस. "तोवर ह्या तुरीच्या संपव. मी न्हाई म्हणून बसून ऱ्हाऊ नको." मी म्हटलं, "जा तू. चहा टाकते, झाला की हाक मारते." चहाला उकळी आली नव्हती, तोच तुमच्या घरातून ऋतुजाची "आई!" अशी किंकाळी आली.

एवढंच झालं. याच्या पलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तरी सगळे मलाच विचारतात, कारण शेवटी तू माझ्या ओट्यावर होतीस. तुझ्या भावाला सांगितलं, लातूरहून आलेल्या तुझ्या बहिणीला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. प्रत्येकाला वाटतं, मधलं काहीतरी मी गाळून राहिले. आधी छातीत दुखत होतं का? घाम फुटला होता का? काही मनाला लावून घेतलं होतं का? नाही. तू हसत होतीस. वाटाण्याची शेंग फोडून दाणे तोंडात टाकत होतीस आणि नांदेडच्या बाजारातला वाटाणा नुसता दिसायला हिरवा, चवीला पाणी, अशी त्याची निंदा करत होतीस. वाटाण्याला नावं ठेवणारं माणूस असं उठून मरून जातं का?

ऑटोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. ऋतुजा तुझे तळवे चोळत होती. तुझ्या बोटांना हरभऱ्याच्या घाट्यांची आंब लागलेली होती, तिचा आंबट वास येत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. मी त्यांना म्हणाले, "अहो, नीट बघा. ही आत्ता बोलत होती माझ्याशी." ते म्हणाले, "ताई, येण्याआधीच गेल्यात त्या." मी पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग भाऊजी आले, रेल्वेच्या ड्यूटीवरून तसेच, अंगात निळा शर्ट. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "उद्या गावाकडं जायचंय ना आपल्याला?"

तुझ्या नवऱ्याला काय उत्तर द्यायचं, तूच सांग.

टोपली अजून माझ्या घरात आहे. दाणे सुकून सुरकुतायला लागलेत. टाकवत नाहीत आणि शिजवायची हिंमत होत नाही.

मला तुझा पहिला दिवस आठवून राहिलाय. आम्ही इथं आधीपासून राहत होतो, तुम्ही शेजारी नवीन आलात. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि तू सगळं सोडून पहिल्यांदा पाटा-वरवंटा कुठे ठेवायचा म्हणून भाऊजींशी वाद घालत होतीस. मी पाण्याची कळशी घेऊन आले. तू नाव विचारलंस. मी सांगितलं, "सुशीला." तू फिस्सकन हसलीस. मग घाबरलीस, मी सरकारी नोकरीतली बाई, राग आला असेल म्हणून. म्हणालीस, "तसं न्हाई हो. आमच्यात रोज नाष्ट्याला सुशीलाच असते." भिजवलेले चुरमुरे, कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची, वरून डाळव्याचं पीठ. मलाही हसू फुटलं. आमच्या घरीही तेच असायचं, आणि शाळेत पोरी मला त्यावरूनच चिडवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ताटलीत सुशीला घेऊन आलीस आणि दारातूनच ओरडलीस, "सुशीला, सुशीला घे!" माझे मिस्टर दाढी करत होते, त्यांना आरशापुढं हसता हसता कापलं.

तेव्हापासून तुझ्यामाझ्यात वाटीची ये-जा सुरू झाली ती तू गेलीस त्या दिवसापर्यंत. तू निलंग्याकडची, काळ्या मातीत वाढलेली. तुझ्या हाताला ज्वारी कळायची. पीठ हातात घेऊन सांगायचीस, "जुनी हाय, भाकर तुटंल, गरम पाण्यात मळ." तुझे धपाटे, तुझं वरणफळ, खलबत्त्यात कुटलेली ती तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी. आणि मला काय येत होतं? माझ्या आईनं शिकवलेलं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. घोळ, तांदूळजा, हरभऱ्याची वाळवून ठेवलेली भाजी. रोजानं दुसऱ्याच्या रानात जाणारी बाई येताना बांधावरून ओच्यात जे खुडून आणायची, ते आमचं कालवण. मला त्याची लाज वाटायची असं नाही, पण कुणाला वाढावं असंही वाटलं नव्हतं. तू एकदा घरच्यासारखी सरळ स्वयंपाकघरात शिरलीस, पातेल्यावरचं झाकण उचललंस, अंबाडीत कण्या घोटलेल्या बघितल्यास आणि माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी तुझ्यापासून चोरून ठेवलं होतं. "हे काय गं? मला न्हाई दिलंस कधी?" उभ्यानंच खाल्लंस. वर लसणाची फोडणी मागून घेतलीस. मग म्हणालीस, "तुझ्या आईला मला भेटायचंय." माझी आई तेव्हा हयात नव्हती. तुला सांगितलं तर तू वाटी खाली ठेवून रडलीस. मी रडले नव्हते, तू रडलीस.

पण तोंड पुसून गेलीस, मंगल. ते मी बघितलं होतं. हात साबणानं धुतलेस, पदरानं ओठ पुसलेस, दारात थांबून अंदाज घेतलास आणि मग गेलीस. कारण घरात तुझ्या सासूबाई होत्या.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. ते आपण कधी मिटवलंच नाही, नुसतं झाकून ठेवत गेलो.

मावशी वाईट नव्हत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला "मॅडम" म्हणायच्या. कॉलनीत कुणालाच त्या मॅडम म्हणत नव्हत्या. जोशीकाकूंना काकू, कोपऱ्यावरच्या शिक्षिका बाईंना नुसतं "बाई". मीच मॅडम. केवढा मान! त्या मानाच्या आडून त्या माझ्यापासून बरोबर हातभर लांब उभ्या राहायच्या. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आमच्या हॉलमधल्या फोटोवरून. त्यानंतर त्या कधी उंबरा ओलांडून आत आल्या नाहीत. वाटी आली तर म्हणायच्या, "मॅडम, माझ्या गळ्यात माळ हाय. बाहेरचं चालत न्हाई." मला ते पटलं. आमच्या घरी रविवारी मटण शिजतं, माळकरी बाईला कसं चालेल? मी वेगळं पातेलं घेतलं, वेगळा तवा घेतला, फक्त तुमच्याकडं द्यायच्या जिनसांसाठी. तुला ते दाखवलं तेव्हा तुझा चेहरा पडला. तुला आधीच ठाऊक होतं, तव्यानं काही होणार नाही.

मग एकदा जोशीकाकूंच्या घरी हळदीकुंकवाला गेले. मावशी पाटावर बसून बटाटेवडा खात होत्या. काकूंनी तो चौकातल्या गाड्यावरून आणवला होता, त्याच गाड्यावर आमलेटही मिळायचं. कुंकू लावून घेतलं आणि घरी आले. त्या दिवसानंतर मावशींनी माळेचं नाव काढलं नाही. उपास काढले. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, आणि काहीच नसलं तर पित्त.

मी तुला म्हटलं, "तू माझ्याकडं जेवतेस हे त्यांना सांग."

तू म्हणालीस, "सांगीन."

"कधी?"

"सांगीन की. घाई करून राहिलीस का? म्हातारं माणूस हाय."

"मंगल, चोरून खायचं असेल तर येऊ नको माझ्या घरी."

तू आली नाहीस. बरेच दिवस नाही आलीस. तुमच्याकडून फोडणीचा आवाज यायचा, मी ऐकत राहायची. मी नमणार नव्हते. मग एका संध्याकाळी तू चटणीची वाटी घेऊन आलीस, ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, "भांड. काय भांडायचं ते भांड. पण आधी भाकर दे, भूक लागलीय मला." भाकर मोडता मोडता तू मला त्यांच्याबद्दल सांगितलंस. तरुणपणी नवरा गेला. दीर जमीन लाटायला टपलेले. त्या बाईनं स्वतः औत धरलं, लेकाला शिकवलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला धड भाकर थापता येत नव्हती, त्यांनी तुझा हात हातात धरून शिकवलं, एकदाही माहेर काढलं नाही. "तिच्या हातानं माझा हात तयार झाला," म्हणालीस. "तिला तोडून बोलायला माझी जीभ वळत न्हाई. तू मला भित्री म्हण."

मी तुला भित्री म्हणाले नाही. मी म्हणाले, "त्यांनी औत धरलं, माझ्या आईनंही खुरपं धरलं. त्याचं काय?" तू भाकरीचा तुकडा माझ्याकडं सरकवलास. आपण चटणी-भाकर खाल्ली.

आणि यंदा तू येळवशीचं काढलंस.

आपण दोघी लातूरच्या, आपल्याला येळवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नांदेडात राहून मात्र दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं, की मार्गशीर्ष संपताना जी वेळ अमावस्या येते त्या दिवशी अख्खा जिल्हा घरं बंद करून शेतात जातो. कडब्याची कोपी, म्हणजे खोप, उभी करतात, पांडव म्हणून पाच दगड मांडतात, आणि मग भज्जी. लोकांना वाटतं, कांद्याची भजी. तू चिडायचीस. "भजी न्हाई वो, भज्जी!" ताकात कालवलेलं बेसन, त्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, पालक, गाजर, बोरं, चिंच, रानात त्या वेळी जे जे असेल ते सगळं. जोडीला बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून पंगतीत बसवायची रीत. "येळवशीला कुणाला न्हाई म्हणत न्हाईत," असं तू मोठ्या तोंडानं सांगायचीस.

म्हणतात, मंगल. मी तुला कधी सांगितलं नव्हतं, यंदा सांगितलं. माझं माहेर अहमदपूरकडचं. आई ज्यांच्या रानात कामाला जायची, त्यांच्या येळवशीला ती मला घेऊन जायची. आम्ही कोपीपासून लांब, बांधावर बसायचो. आमचं पातेलं आम्ही घरून न्यायचो. मालकीणबाई वरून भज्जी ओतायच्या, पळी पातेल्याला लागणार नाही अशी. भज्जी चांगली असायची. गरम असायची. आई म्हणायची, "खा, लई चांगली झालीय." मी खायची. आणि आईच्या चेहऱ्याकडं बघायची नाही.

हे ऐकून तू सोलत होतीस ती शेंग तशीच हातात राहिली. त्याच रविवारची गोष्ट. टोपली आपल्या दोघींच्या मध्ये. मग म्हणालीस, "उद्या तू आमच्या शेतात चल. पंगतीत माझ्या शेजारी बस. मी वाढीन न्हाई तुला, तू वाढ सगळ्यांना."

"आणि मावशी?"

"त्यांचं मी बघते."

"विचारलंस त्यांना?"

"म्हणलं न्हवं, मी बघते. तू येणार का, तेवढं बोल."

मी म्हणाले, "बघू."

तू पुन्हा विचारलं नाहीस. वाटाण्याला नावं ठेवायला लागलीस. मी मान खाली घालून सोलत राहिले. तुला खरं सांगू? मी मनात हो म्हणून टाकलं होतं. तुझ्याकडं बघून नाही म्हणवत नव्हतं. चहा प्यायला बोलावीन तेव्हा सांगावं, असं ठरवलं होतं. चिंचेच्या रंगाची साडीसुद्धा मनात काढली होती. चहा उतू गेला, मंगल. गॅस बंद करायला मी परत घरी आलेच नाही, तो यांनी येऊन केला.

तुला गोदावरीच्या काठावर नेलं तो दिवस नेमका येळवशीचा. तुमचा सगळा गोतावळा शेत सोडून इकडं आला होता. कुणाच्या कोपीत काही शिजलं नाही.

रीत अशी, की प्रेत गेल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे, कडू घास आणतात. पिठलं-भाकर. घरच्यांनी गिळायचा म्हणून गिळायचा. जोशीकाकू मला म्हणाल्या, "सुशीला, मी पाठवते गं तिकडं, तू दमलीयस." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं असेल. तसं नसेलही. मी म्हणाले, "नको काकू. मी करते." आमचे हे म्हणाले, "घेतील का ते? अशा वेळी तुझा अपमान झाला तर?" मी म्हणाले, "झाला तर झाला. तिचा कडू घास दुसऱ्याच्या घरून जाणार नाही."

स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा मला काही सुचेना. तुला माहीत आहे, पिठलं मी झोपेतही करीन. पण डोळ्यापुढं डबे असून बेसन सापडेना. लसूण ठेचला. मिरच्या चिरल्या. पाण्याला आधण आलं, मी बेसन सोडलं आणि गुठळ्या झाल्या. माझ्या हातून पिठल्याच्या गुठळ्या! तू असतीस तर कॉलनीभर सांगितलं असतंस. घोटून घोटून मोडल्या. भाकरी थापायला बसले. पीठ जुनं होतं, कडा तुटत होत्या, गरम पाण्यात पुन्हा मळलं. भाकर फुगली की मला रडू यायचं. का ते कळत नव्हतं. तू गेल्यावर मी एवढं रडले नव्हते. चव घेतली नाही. पळी तोंडापाशी नेली आणि परत ठेवली.

डबा घेऊन तुमच्याकडे गेले. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाऊजी बाहेर खुर्चीवर. ऋतुजा तुझ्या उशीला धरून. मावशी स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर. गावाकडून आलेल्या तुझ्या चुलत जाऊबाईंनी डब्याकडं बघितलं. "कुणी केलं म्हणायचं?" मी म्हणाले, "मी." त्यांनी "बरं" म्हटलं आणि डबा ओट्यावर ठेवला. झाकण उघडलं नाही. कुणी तरी हळूच म्हणालं, "दुसरीकडनं बी येणार हाय न्हवं?" कुणी तरी म्हणालं, "मंगलचा मोठा भाऊ हॉटेलातून खिचडी आणायला गेलाय." मी उभी होते. मला वाटलं, पळी पुन्हा वरून आली. आता माझ्या हातात पातेलंही नाही.

तेवढ्यात मावशी बोलल्या. सकाळपासून त्या बोलल्या नव्हत्या.

"ताटं घ्या."

जाऊबाई म्हणाल्या, "अत्या, खिचडी येतीय, जरा दम..."

"ताटं घे म्हणलं न्हवं! मॅडम, तुम्ही वाढा."

मी वाढलं. भाऊजींना, ऋतुजाला, मग मावशींना. सगळ्या बघत होत्या. त्यांनी भाकर मोडली. म्हाताऱ्या बोटांनी तुकडा पिठल्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. गिळायला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

ऋतुजा हंबरडा फोडून रडायला लागली. मला आधी कळलं नाही. मग तिनंच सांगितलं हुंदके देत, "आजी आईला रोज असंच म्हणायची, सुशीलामावशी. रोज. मीठ बरोबर असलं तरी." मी मिठाचा डबा घेतला आणि मावशींच्या ताटात मीठ वाढलं. तुझ्या डब्यातलं मीठ. जास्तच पडलं. त्यांनी ते तसंच खाल्लं. अर्धी भाकर खाल्ली. मग जाऊबाईंनीही ताट घेतलं, आणि बाकीच्यांनीही.

खिचडी आली, ती तशीच पडून राहिली.

मला हे सांगून थांबता आलं असतं. पण अजून एक गोष्ट झाली. ती तुला ठाऊक आहे, मला नव्हती.

बाया पांगल्यावर मी भांडी गोळा करत होते. मावशी अजून तिथंच बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला, आणि इतका घट्ट की माझी बांगडी रुतली. म्हणाल्या, "मॅडम, बसा. तुमास्नी सांगते. कुणालाच सांगितलं न्हाई, लेकाला बी न्हाई."

मी बसले.

"रविवारी सकाळी ती माझ्याशी भांडली. लगीन होऊन आल्यापासून पहिल्यांदा. म्हणली, सुशीला उद्या शेतात येणार, माझ्या शेजारी बसणार. मी म्हणले, न्हाई. ती म्हणली, मी तिच्या घरात पंधरा वरसं जेवतीय, तुमास्नी सांगून ऱ्हायले आज. मी म्हणले, मला काय ठावं न्हवतं व्हय? तुझ्या अंगाला अंबाडीचा वास यायचा. तू लपवत व्हतीस म्हणून मी बी गप व्हते. तर ती म्हणली, आता लपवणार न्हाई. तुम्ही तिच्या हातची भाकर कधी खाणार, ते सांगा. लई लागली मागं. मला राग आला. मी बोलून गेले..."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"मी म्हणले, मरण आल्यावर खाईन."

हातातलं ताट मी खाली ठेवलं.

"माझ्या मरणाचं बोलले व्हते मी, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या मरणाचं. तिच्या न्हाई. देवानं कुणाचं ऐकलं?"

मंगल, तू हे ऐकून माझ्याकडं आली होतीस. टोपली काखेत, तोंडावर हसू. तू म्हणालीस, "त्यांचं मी बघते." आणि मी तुला बघू म्हणाले. तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस की तू सांगून टाकलंस. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले, ते तू त्याच दिवशी सकाळी करून बसली होतीस आणि माझ्या ओट्यावर वाटाण्याला नावं ठेवत होतीस. का नाही बोललीस? त्यांचं ते बोलणं मला लागेल म्हणून? की उद्या शेतात, पंगतीत, सगळ्यांसमोर मला दाखवायचं होतं? मला कळत नाही. आता कुणाला विचारू?

लोक विचारतात, काही मनाला लावून घेतलं होतं का. मी नाही म्हणून सांगते. मावशींचं नाव मी कुठं काढणार नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं धरायचं मी ठरवलंय. हृदय बंद पडलं. म्हाताऱ्या बाईच्या एका वाक्यानं कुणी मरत नाही. मी त्यांनाही हेच सांगितलं, पाठीवर हात ठेवून. त्यांना माफ केलं का, ते मला माहीत नाही. बांधावरच्या माझ्या आईच्या वतीनं माफ करणारी मी कोण? पण त्या थरथरत होत्या, म्हणून हात ठेवला.

अजून तुझा दहावा व्हायचाय. मी रोज सकाळी डबा नेते. मावशी खातात, मिठाचं काहीतरी बोलतात, कधी कमी, कधी जास्त. काल म्हणाल्या, अंबाडी मिळाली तर बघा. कॉलनीतल्या बाया मला म्हणतात, "मंगलनं जे केलं नाही, ते तिच्या जाण्यानं झालं बघ." काल एकीला मी सरळ सांगितलं, असं पुन्हा बोलायचं नाही. तुझ्या जाण्यानं काही झालेलं नाही. जे झालं ते तू जिवंतपणी, रविवारी सकाळी, उभ्यानं भांडून केलंस. आणि ते झालं नसतं तरी मला चाललं असतं, मंगल. त्या शंभर वर्षं माझ्या घरचं पाणी प्यायल्या नसत्या आणि तू शंभर वर्षं तोंड पुसून माझ्या दारातून गेली असतीस, तरी मी तुझ्याशी रोज भांडले असते आणि रोज तुला भाकर वाढली असती.